रेडिओची लिफ्ट

तिला घरात, गल्लीत आणि पुढे कॉलेजातही सगळे रेडिओच म्हणत. नाव ठेवलं होतं तिच्या आईने. पोरगी एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही. दात घासताना बोलायची. बुटाची नाडी बांधताना बोलायची, "आता ही वरून, ही खालून, आता कान धरायचे आणि ओढायचे." ऐकायला कुणी नसलं तर नाडीशीच बोलायची.

"झोपेत तरी गप्प बस गं," आई म्हणायची. "देवाने या रेडिओला बंद करायचं बटणच बसवलं नाही."

आई लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभी राहून घरी यायची, पाय सुजलेले, पण जीभ ताजीतवानी. पोरीने हे वळण कुणाचं उचललं ते सांगायला ज्योतिषी नको होता. बाबांचं मात्र सगळं उलट. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. इमारतींच्या पोटातल्या त्या उभ्या अंधाऱ्या बोगद्यात उतरून दोर, चाकं, दारं बघायचे, आणि बहुतेक तिथेच शब्द विसरून यायचे. "हो", "नाही" आणि "बघू" एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार चालला होता.

सुट्टीच्या दिवशी रेडिओ त्यांच्याबरोबर कामावर जायची. जिन्याच्या पायरीवर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, "लिफ्ट बंद आहे हं, बाबा आत आहेत." खरं तर सांगायची गरज नव्हती. काम सुरू करण्याआधी बाबा दाराच्या कडीला पत्र्याचा एक पिवळा बोर्ड अडकवायचे, 'काम चालू आहे'. आणि काम संपलं तरी तो लगेच काढायचे नाहीत. आधी स्वतः एकटे लिफ्टमध्ये शिरायचे, तळापासून गच्चीपर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. मगच बोर्ड पिशवीत. खालती लोक सामान हातात घेऊन चुळबुळत असायचे. बाबांना त्याचं काही नाही.

एकदा एका नव्या इमारतीत बाबांनी लिफ्टचं कपाट उघडलं, तर आत जाड तारांच्या जागी एक हिरवी पट्टी होती, तळहाताएवढी.

"हे काय?" रेडिओने विचारलं.

"हे आता लिफ्टला सांगतं, कुठे थांबायचं."

"कसं सांगतं?"

"आत लिहिलेलं असतं."

"काय लिहिलेलं असतं?"

बाबांनी कपाट बंद केलं. "ते मला वाचता येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. रेडिओ त्या दिवशी घरी येईपर्यंत फक्त तेवढंच बोलत राहिली. आणि बारावीनंतर तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नाव घातलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. लाँड्रीच्या मालकाने तेवढं आईला विचारलं, "मग आता आमची बिघडलेली इस्त्री ती बघेल का?"

"ती इस्त्रीशी बोलेल," आई म्हणाली. "दुरुस्त होणं न होणं इस्त्रीवर आहे."

कॉलेजात रेडिओची पंचाईत व्हायला एक दिवसही लागला नाही. प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर, लांबलचक, पडदे ओढलेले, पंख्यांची घरघर. आणि तिथल्या मॅडमचा आवडता शब्द होता, 'शांतता'. आत आल्या की "शांतता", हजेरी घेतली की "शांतता", आणि कुणाच्या हातून पेन्सिल पडली तरी तोच मंत्र. मुलांनी त्यांचं नावच ठेवलं शांतता मॅडम. आता रेडिओला प्रोग्राम लिहायचा तर तोंडाने म्हटल्याशिवाय बोटांना सुचत नसे. "आता ही संख्या घ्यायची, हिला मागच्यापेक्षा मोठी आहेस का विचारायचं, मोठी असलीस तर तू पुढे, नसलीस तर बस खाली."

"कोण बोलतंय?"

सगळे एका दिशेला बघायचे.

तिच्याशेजारी बसायला कुणी तयार होईना. शेवटी एक मुलगा आला, काटकुळा, चष्मेवाला, सगळे त्याला टाचणी म्हणत. बोलायचा अगदी कमी, पण बोलला तर टोचायचं. तो येऊन बसला, खिशातून कापूस काढला, दोन्ही कानांत घातला आणि कामाला लागला.

"तुला राग नाही ना येत?" रेडिओने विचारलं.

"ऐकू येत नाही," टाचणी म्हणाला.

दोस्ती झाली ती अशी. पुढची वर्षं ती दोघं त्याच बाकावर बसली. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये ती रडली, गणितात तो अडखळला. तिचे प्रोग्राम लांबलचक, त्याचे चिमटीत मावणारे. तिची चूक शंभर ओळींत पसरलेली असायची, त्याची एका ओळीत दडलेली. दोन्ही शोधायला सारखाच वेळ लागायचा, त्यामुळे कुणी कुणाला हसत नसे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दोघांनी मिळून करायचा तेव्हा तिने विचारही केला नाही. लिफ्ट! खरी नाही, प्लायवूडची, कमरेएवढी उंच, तळमजला धरून चार मजल्यांची. सांगाडा बाबांनी केला, रविवारी, एक शब्द न बोलता. आत पत्र्याच्या डबीचा पाळणा, वर छोटी मोटर, आणि प्रत्येक मजल्यावर धातूची एकेक लवचीक पट्टी. पाळणा मजल्यावर आला की पट्टीला घासायचा, पट्टी दाबली जायची, आणि प्रोग्राम मनात म्हणायचा, चला, एक मजला झाला. प्रवासी म्हणून डबीत एक खोडरबर ठेवलं होतं. त्याला साहेब म्हणायचे.

सगळं जोडून झालं तेव्हा बाबांनी पिशवीतून काहीतरी काढलं. बोटाएवढा पत्रा, पिवळा रंगवलेला, वर बारीक अक्षरांत 'काम चालू आहे'. त्यांनी तो प्लायवूडच्या वरच्या खिळ्याला अडकवला.

"हा कधी काढायचा?" टाचणीने विचारलं.

"जिची लिफ्ट तिने ठरवायचं," बाबा म्हणाले आणि हात धुवायला गेले.

रेडिओने प्रोग्राम लिहिला तो अर्थात तिच्यासारखाच. लिफ्ट काय करते आहे ते तिला कळायला हवं होतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर तिने पडद्यावर एकेक वाक्य उमटवलं. पट्टी दाबली गेली की पडद्यावर यायचं, 'पहिला मजला आला बरं का, पण इथे कुणी बोलावलेलं नाही, म्हणून मी आपली वर चालले.' मग, 'हा बघा दुसरा आला, साहेब, सामान सांभाळा.' लिफ्ट बोलत बोलत वर जायची, बोलत बोलत खाली यायची आणि कधी म्हणून चुकायची नाही. आई संध्याकाळी आली की पाय पाण्यात सोडून बघत बसायची.

"कार्टी थेट तुझ्यावर गेलीय," ती रेडिओला म्हणायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शांतता मॅडमनी प्रोग्राम चाळला. चाळता चाळता त्यांच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"हा प्रोग्राम आहे की चावडी?"

"मॅडम, ते मला कळावं म्हणून, म्हणजे लिफ्ट कुठे..."

"तुला कळलं ना? मग काढ हे सगळं. परीक्षेला द्यायचा प्रोग्राम नेटका हवा. काम करावं आणि गप्प राहावं."

हे प्रोग्रामला उद्देशून होतं की आणखी कुणाला, ते विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी परीक्षा, त्या दुपारी टाचणी तिच्या घरी आला. रेडिओने एकेक बोलकी ओळ पुसली. जरा वाईटच वाटलं. मग साहेबांना तळमजल्यावर बसवलं आणि तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.

लिफ्ट निघाली. पहिल्या मजल्यावर आली. थांबली. दार उघडलं.

"हा पहिला आहे," टाचणी म्हणाला.

"दिसतंय मला. तू तिला सांग."

खाली बोलावलं, तर लिफ्ट तळाला टेकली तरी मोटर फिरतच राहिली. पाळणा तळावर दाबला जातोय, दोर सैल पडतोय, आणि बाईसाहेबांना वाटतंय अजून दोन मजले बाकी आहेत. पुन्हा केलं. पुन्हा तेच. यावेळी दुसऱ्या मजल्यावर थांबली, एवढाच फरक.

टाचणीने ओळी परत घातल्या. चालली. काढल्या. चुकली. मग त्याने मधला मार्ग काढला, तिच्या लांब वाक्यांच्या जागी नुसता आकडा छापला. एक. दोन. तीन. कधी बरोबर आली, कधी चुकली.

"हे भूत आहे," रेडिओ म्हणाली.

"भूत नसतं."

"मग काय असतं?"

टाचणीने कानातला कापूस काढला, बोटांत फिरवला. "माहीत नाही."

बाबा कामावरून आले. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि हत्यारांची पेटी उघडली. तार ढिली असणार. त्यांनी एकूणएक खिळा, स्क्रू, जोड आवळला. दोरावर बोट फिरवलं, चाकात तेल सोडलं. लिफ्ट आधीसारखीच चुकली, फक्त आता आवाज कमी येत होता.

"नाचता येईना अंगण वाकडं," आई दारातून म्हणाली. "अहो, सांगाडा ठीक आहे. पोरांचं काहीतरी चुकलंय."

"बोलतं ठेवलं की चालतंय ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग हात लावू नकोस. उद्यापर्यंत."

"तेच म्हणतोय मी," टाचणी म्हणाला, आणि त्या संध्याकाळी तो जेवढं बोलला तेवढं वर्षात बोलला नसेल. "झाकली मूठ ठेव. बोलणारी लिफ्ट दाखवू. मॅडम नेटकेपणाचे गुण कापतील, कापू दे. पास होऊ. हे बघ, आपल्या दोघांना नोकरीचं पत्र आलंय, आणि त्यावर लिहिलंय निकाल घेऊन या. मी मामाकडे स्वयंपाकघरात झोपतो. सकाळी पहिलं भांडं वाजतं ते माझ्या उशाशी. मला एक खोली हवी आहे, रेडिओ. दार असलेली. हा प्रकल्प अर्धा माझा आहे."

रेडिओ म्हणाली, "बरं." सगळ्या ओळी जागच्या जागी परत गेल्या.

टाचणी गेल्यावर ती बाबांशेजारी बसली. बाबा पेटीत हत्यारं लावत होते.

"बाबा, बोर्ड काढायच्या आधी तुम्ही एकटे का फिरून येता?"

"सवय."

"कधी काही सापडलं?"

"एकदा."

"मग?"

"मग बोर्ड राहिला. लोक जिने चढले. शिव्या घालत होते." त्यांनी पेटीची कडी लावली. "झोप आता."

दुसऱ्या दिवशी कॉलेजची लिफ्ट बंद होती. नेमकी. दोघं प्लायवूडची लिफ्ट खांद्यावर घेऊन चार जिने चढली, आणि जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाने तोच विनोद केला, "त्या लिफ्टमध्ये बसून या की!" बाहेरून आलेले परीक्षकही जिन्यानेच वर आले. पोट सुटलेले, रुमालाने मान पुसणारे, साधेसे गृहस्थ. खुर्चीत बसून पहिले काही क्षण त्यांनी फक्त श्वास घेतला. शांतता मॅडम शेजारी हाताची घडी घालून उभ्या.

"दाखवा," परीक्षक म्हणाले.

रेडिओने दाखवलं. लिफ्ट बोलत बोलत वर गेली, साहेबांना सामान सांभाळायला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. परीक्षक वाक्यं वाचून चक्क हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण काही बोलल्याही नाहीत. दोन-चार प्रश्न झाले, उत्तरं आली. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. टाचणीचे खांदे खाली आले.

"छान. आणि हे काय लटकवलंय?"

"बोर्ड आहे सर. बाबांनी लावलाय. ते लिफ्ट दुरुस्त करतात. काम संपलं की काढायचा."

"मग?" परीक्षक सहज म्हणाले. "संपलं का काम?"

'हो' म्हणायचं होतं. एवढंसं अक्षर. अख्ख्या आयुष्यात जिच्या जिभेला कधी अडथळा आला नाही, तिच्या तोंडून ते बाहेर पडेना. तिने टाचणीकडे पाहिलं. टाचणीने ओळखलं. त्याने बारीक मान हलवली, नको. मग त्याने त्या पिवळ्या पत्र्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे, कर बाई.

"नाही सर," रेडिओ म्हणाली. "हिचं बोलणं बंद केलं की ही चुकते."

तिने ओळी पुसल्या, बटण दाबलं. लिफ्ट पहिल्या मजल्यावर थांबली आणि ऐटीत दार उघडून उभी राहिली. खोली गप्प झाली. यावेळी मॅडमना सांगावं लागलं नाही.

"का चुकते?" परीक्षकांनी विचारलं.

"माहीत नाही सर."

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," शांतता मॅडम म्हणाल्या. त्या पुढे आल्या होत्या, हाताची घडी सुटली होती. "ओळी मीच काढायला लावल्या होत्या."

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "असं करा. जे माहीत आहे तेवढं बोला. मोठ्याने."

चार वर्षांत त्या खोलीत हे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं. रेडिओ सांगाड्यासमोर गुडघ्यांवर बसली. साहेबांची डबी दोरातून सोडवून हातात घेतली आणि स्वतःच लिफ्ट झाली.

"मी तळमजल्यावर आहे. मला तिसऱ्यावर बोलावलंय. निघाले. हा पहिला मजला, ही पट्टी, हिला मी टेकले." तिने डबी पट्टीला टेकवली. "पट्टीने सांगितलं, आलीस. मी म्हणाले, पहिला मजला आला बरं का, पण इथे कुणी बोलावलेलं नाही, म्हणून मी आपली..."

ती थांबली. मधेच, वाक्यात. टाचणीने मान वर केली, कारण असं कधी झालं नव्हतं.

पट्टी थरथरत होती. डबी पुढे सरकली तरी, स्वतःची स्वतःच. वाकवून सोडलेल्या लोखंडी मोजपट्टीसारखी.

"तू पुढे बोल," ती हळूच म्हणाली.

"एवढं बोलेपर्यंत ती शांत होते," टाचणी म्हणाला. "बोलली नाहीस तर तू लगेच परत विचारतेस. ती अजून थरथरतेय. तुला वाटतं पुन्हा दाबली. एक मजला, दोनदा-तीनदा मोजलास."

"म्हणून तुझे नुसते आकडे..."

"पुरले नाहीत. तुझी वाक्यं लांब. संगणकाला ती पडद्यावर उमटवायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पट्टी थांबते." तो चष्म्यातून तिच्याकडे बघत राहिला. "तुझी बडबड नव्हती उपयोगी. बडबडीला लागणारा वेळ उपयोगी होता."

"कळलं रे. टोचू नकोस."

बाहेर पुढच्या जोड्या आपापली यंत्रं घेऊन ताटकळत होत्या. परीक्षकांनी त्यांना हातानेच थांबवलं. रेडिओने डबी परत दोराला बांधली, टाचणीने एक ओळ लिहिली, पट्टी दाबली गेली की जरासं थांब, मगच पुन्हा बघ. लिफ्ट निघाली आणि दुसऱ्या मजल्यावर चुकली. "कमी पडलं," रेडिओ म्हणाली, "आणखी जरा दम घेऊ दे तिला." त्याने वाढवलं. लिफ्ट मुकाट वर गेली, तिसऱ्यावर थांबली. मुकाट खाली आली, तळाला टेकली आणि मोटर बंद झाली.

परीक्षकांनी पुन्हा विचारलं नाही काम संपलं का म्हणून. रेडिओने बोर्ड काढलाही नाही. दोनच तर फेऱ्या झाल्या होत्या.

निकाल लागला तेव्हा दोघं पास होती. गुण बेताचेच. 'परीक्षेच्या वेळी प्रकल्प अपूर्ण', असा शेरा होता आणि तो खराच होता. नोकरीच्या कंपनीने शेरा वाचला नाही, निकाल तेवढा पाहिला. टाचणीला खोली मिळाली. तिला दार होतं, पण ते नीट लागत नसे, आणि ते बसवायला रविवारी बाबा गेले. पण हे सगळं नंतर.

त्या संध्याकाळी लिफ्ट पुन्हा घरी आली, कोपऱ्यात उभी राहिली. बाबा बूट काढता काढता म्हणाले, "चालली?"

"आधी चुकली."

"सगळ्यांसमोर?"

"मीच चुकवून दाखवली."

"ऐका!" आई पाण्यात सोडलेले पाय तसेच ठेवून ओरडली. "अगं, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला कुणी शिकवलं तुला?"

रेडिओने बाबांकडे पाहिलं. बाबा बुटाची नाडी सोडवण्यात गुंग होते.

तिने साहेबांना डबीत बसवलं आणि बटण दाबलं. लिफ्ट तिसऱ्यावर गेली. खाली आली. दुसऱ्यावर गेली. बाबा जवळ येऊन उभे राहिले, ओठ मिटून, मजल्यामजल्यावर पट्टीची ती थरथर निवताना बघत. पुन्हा वर. पुन्हा खाली. घरात फक्त मोटरचा बारीक आवाज.

"काय गं," आईने शेवटी न राहवून विचारलं. "आज रेडिओ बंद कसा?"

"थांब जरा, आई."

शेवटची फेरी तळाला टेकली. रेडिओने हात वर केला, पिवळा पत्रा खिळ्यावरून काढला आणि बाबांच्या पिशवीत टाकला. मग आईकडे वळली आणि सकाळी चार जिने चढल्यापासूनचं सगळं सांगायला लागली.